खेळाडूंचा संप कधी टिकतो: रिकामी जागा घ्यायला कोण नकार देतो?

नमस्कार. भारतीय कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवरील लैंगिक छळाच्या आरोपांवरून 2023 मध्ये झालेल्या कुस्तीपटूंच्या आंदोलनावरील व्हिडिओनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जात आहे. व्यावसायिक खेळाडूंनी सामाजिक प्रश्नासाठी संप करावा का आणि केला तर त्यातून काही निष्पन्न होते का, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून आजचा पूर्ण व्हिडिओ त्यासाठीच ठेवला आहे.

प्राथमिक गोष्टी आपणा सर्वांना ठाऊक आहेत, त्यामुळे त्या लवकर आटोपतो. राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणे, दंडाला काळी फीत बांधणे किंवा सदऱ्यावर घोषणा लिहिणे हा निषेध आहे. तो केल्यानंतरही सामना होतो, तिकिटाचे पैसे वसूल होतात आणि प्रक्षेपणही पार पडते. संपात सामनाच होत नाही. सरकारने किंवा क्रीडा संघटनेने संघ न पाठवणे ही तिसरी गोष्ट, कारण तो निर्णय खेळाडूंचा नसतो. एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

26 ऑगस्ट 2020 ची घटना पाहा. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील केनोशा शहरात तीन दिवसांपूर्वी पोलिसांनी जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय माणसावर सात गोळ्या झाडल्या होत्या. त्याच राज्यातील मिलवॉकी बक्स हा बास्केटबॉल संघ त्या वेळी करोनामुळे ऑर्लँडोजवळच्या बंदिस्त संकुलात एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या बाद फेरीतील पाचवा सामना खेळणार होता. सामन्याची वेळ झाली, समोरचा ऑर्लँडो मॅजिक संघ मैदानात आला, पंच उभे राहिले. परंतु बक्सचे खेळाडू ड्रेसिंग रूममधून बाहेर आलेच नाहीत. आतून ते आपल्या राज्याच्या महाधिवक्त्यांशी आणि उपराज्यपालांशी फोनवर बोलत होते. नंतर त्यांचे निवेदन जॉर्ज हिल आणि स्टर्लिंग ब्राऊन या दोघांनी वाचून दाखवले. त्यांपैकी ब्राऊन यांना 2018 मध्ये मिलवॉकीच्या पोलिसांनी वाहन उभे करण्याच्या किरकोळ कारणावरून पाडून विजेचा धक्का दिला होता. ‘कोट्यधीश खेळाडूंना कसले दुःख’ असे लिहिणाऱ्यांनी हा तपशील अवश्य लक्षात घ्यावा. पोलिसाने अंगावर धरलेल्या त्या उपकरणाला समोरच्याच्या बँक खात्यात किती रक्कम आहे, हे कळत नाही.

आता मी जिथे थांबणार आहे, तो मुद्दा येतो. बाद फेरीत दोन संघांत सात सामन्यांची मालिका असते आणि बक्स त्या मालिकेत 3-1 ने पुढे होते. नियमानुसार न उतरलेला संघ तो सामना गमावतो, म्हणजे मालिका 3-2 झाली असती, ऑर्लँडोला घाम न गाळता विजय मिळाला असता आणि शिक्षा झाली असती ती फक्त संप करणाऱ्यांना. ते घडले नाही, कारण ऑर्लँडोने वॉकओव्हर स्वीकारण्यास नकार दिला आणि त्यांचे खेळाडूही मैदान सोडून गेले. त्यानंतर त्या दिवसाचे तिन्ही सामने पुढे ढकलणे लीगला भाग पडले. वास्तविक खेळाडूंच्या सामूहिक करारात संप न करण्याचे कलम होते. तरीही कोणावर कारवाई झाली नाही. सर्वांनी बक्सचे नाव घेतले आणि ते योग्यच आहे, परंतु माझ्या मते त्या संध्याकाळचा निर्णायक क्षण ऑर्लँडोच्या नकाराचा होता.

कारखान्यातील संपात असा समोरचा संघ नसतो. कामगार बाहेर राहिले की यंत्र बंद पडते आणि नुकसान मालकाचे होते. खेळात मात्र तुमच्या अनुपस्थितीचा लाभ घेणारा कोणीतरी समोर उभाच असतो आणि तो लाभ त्याने घेतला की तुमचा संप हा केवळ तुमचा पराभव ठरतो.

हीच गोष्ट जुन्या उदाहरणातून पाहू. ऑक्टोबर 1961 मध्ये बॉस्टन सेल्टिक्स आणि सेंट लुईस हॉक्स हे बास्केटबॉल संघ केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे प्रदर्शनी सामन्यासाठी गेले होते. तेथील हॉटेलच्या उपाहारगृहात कृष्णवर्णीय खेळाडूंना खाणे देण्यास नकार मिळाला, तेव्हा सेल्टिक्सचे बिल रसेल आणि त्यांचे कृष्णवर्णीय सहकारी सामना न खेळता परत निघाले. हॉक्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंनीही तेच केले. परंतु दोन्ही संघांचे गोरे खेळाडू मैदानात उतरले आणि सामना झाला. जानेवारी 1965 मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे अमेरिकन फुटबॉल लीगचा ऑल-स्टार सामना होता. टॅक्सी आणि उपाहारगृहांत अपमान झाल्यावर दोन्ही बाजूंच्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी खेळण्यास नकार दिला आणि या वेळी काही गोरे सहकारीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. तो सामना न्यू ऑर्लिन्समध्ये झालाच नाही. लीगला तो ह्यूस्टनला हलवावा लागला. अपमान दोन्ही वेळा सारखाच होता आणि धैर्यही सारखेच होते. फरक पडला तो मागे राहिलेल्यांनी काय केले, यामुळे.

येथे एक स्वानुभव सांगतो. भातकापणी झाली की आपल्याकडे मोकळ्या शेतांत फुटबॉल स्पर्धा सुरू होतात, हे गोव्याबाहेरच्या प्रेक्षकांसाठी सांगतो. फोंडा तालुक्यातील अशाच एका स्पर्धेत आयोजकांनी आमच्या गोलरक्षकाला तो ‘गावचा नाही’ म्हणून उतरू दिले नाही. त्याचा जन्म आमच्याच वाड्यावरचा. फक्त त्याचे आईवडील मजुरीसाठी कर्नाटकातून आलेले. आम्ही सर्वांनी एकमुखाने खेळण्यास नकार दिला. आयोजकांनी घड्याळ पाहिले, समोरच्या संघाला विजयी घोषित केले आणि प्रेक्षक निराश होऊ नयेत म्हणून त्या संघाचा एक मैत्रीपूर्ण सामना लावून दिला. तिकिटे विकली गेली, चहाची दुकानेही चालली. समोरच्या संघातील अनेकांना आमचे म्हणणे पटले होते, तसे त्यांनी आम्हांला भेटून सांगितलेही. परंतु ते उपांत्य फेरीत खेळले. मी त्यांना दोष देत नाही, कारण त्या वयात उपांत्य फेरी ही फार मोठी गोष्ट वाटते. मात्र ऑर्लँडोच्या खेळाडूंनी काय सोडून दिले, हे मला त्या शेतातल्या मैदानामुळेच नीट उमगते.

डिचोलीच्या एका प्रेक्षकांनी लिहिले आहे की, ‘2016 मध्ये गोव्याच्या क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली, तोही संपच होता.’ आय-लीग ही तेव्हाची देशातील प्रमुख फुटबॉल लीग. त्यांच्या मताचा आदर राखून मी असहमत आहे. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगला दुय्यम दर्जा देणाऱ्या भारतीय फुटबॉल महासंघाच्या नियोजित आराखड्याच्या निषेधार्थ माघार घेतली आणि त्यांची तक्रार रास्त होती, असे मलाही वाटते. परंतु तो निर्णय क्लबमालकांचा होता. खेळाडूंच्या हातचे मैदान मात्र गेले. पुढच्या हंगामात त्या लीगमध्ये गोव्याचा चर्चिल ब्रदर्स खेळत होता आणि लीग पूर्ण झाली. जागा रिकामी राहिली नाही, तेव्हा दबावही उरला नाही.

स्पेनच्या महिला फुटबॉल संघाने हा धडा एका वर्षाच्या आत दोनदा दाखवला. सप्टेंबर 2022 मध्ये 15 खेळाडूंनी संघातील वातावरण सुधारल्याशिवाय आपल्याला निवडू नये, असे महासंघाला कळवले. महासंघाने दुसऱ्या मुली बोलावल्या, प्रशिक्षक तेच राहिले आणि त्या 15 पैकी फक्त तिघी 2023 चा विश्वचषक खेळल्या. तो विश्वचषक स्पेनने जिंकला आणि पदक वितरणाच्या वेळी महासंघाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांनी खेळाडू जेनी हर्मोसो यांचे संमतीविना चुंबन घेतले. या वेळी 81 खेळाडूंनी, त्यांत विश्वविजेत्या संघातील सर्व 23 जणी होत्या, हे नेतृत्व असेपर्यंत खेळणार नाही असे निवेदन काढले. त्यांच्या जागी बोलवायचे कोणाला, हा प्रश्न महासंघापुढे प्रथमच खराखुरा उभा राहिला. फिफाचे निलंबन आणि न्यायालयीन कारवाई हेही दबाव होतेच, परंतु 10 सप्टेंबरला रुबियालेस पायउतार झाले त्यामागे या एकजुटीचा वाटा मोठा आहे. तोच देश, तोच महासंघ. बदलले ते एवढेच की दुसऱ्या फळीनेही नकार दिला.

यावरून कुस्तीपटूंविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया यांनी संप का केला नाही, जंतरमंतरवर बसण्याने काय होणार होते,’ असे अनेकांनी विचारले, काहींनी बऱ्यापैकी तुच्छतेने विचारले. कुस्ती हा वैयक्तिक खेळ आहे. विनेश आखाड्यात उतरल्या नाहीत तर समोरची कुस्तीगीर विजयी होते आणि कुस्ती महासंघाचे काहीच अडत नाही. कुस्तीपटूंजवळ अडवून धरण्यासारखा सामनाच नव्हता, म्हणून त्यांना रस्त्यावर बसावे लागले आणि 30 मे 2023 रोजी आपली पदके गंगेत सोडण्यासाठी हरिद्वारला जावे लागले. त्यांना नावे ठेवणाऱ्यांनी त्यांच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता, हे सांगावे. जपानच्या टेनिसपटू नाओमी ओसाका याही वैयक्तिक खेळाच्याच. बक्सच्या संपाच्याच दिवशी त्यांनी त्याच कारणासाठी उपांत्य सामन्यातून माघार जाहीर केली, तेव्हा टेनिसच्या संघटनांनी संपूर्ण स्पर्धा एक दिवस थांबवली आणि त्यानंतर ओसाका आपला सामना खेळल्या. आपल्या कुस्तीपटूंच्या वाट्याला असा आयोजक आला नाही.

शेवटचा प्रश्न वास्कोहून आला आहे: बक्सच्या संपातून मिळाले काय? दोन गोष्टी वेगळ्या करू. संघमालकांच्या हातात जे होते ते मिळाले. लीगने सामाजिक न्यायासाठी खेळाडू, प्रशिक्षक आणि मालक यांचे संयुक्त मंडळ नेमण्याचे मान्य केले आणि अनेक क्रीडागृहे नोव्हेंबरच्या निवडणुकीत मतदानासाठी खुली झाली. 29 ऑगस्टला सामने पुन्हा सुरू झाले. खेळाडूंची मूळ मागणी विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाने पोलीस सुधारणांवर बैठक घ्यावी, ही होती. राज्यपालांनी 31 ऑगस्टसाठी विशेष अधिवेशन बोलावले होते. बहुमतातील पक्षाने ते उघडले आणि चर्चा न करता लगेच थांबवले. त्या सभागृहातील कोणाचेही बास्केटबॉलच्या तिकिटांवर पोट नव्हते.