तो नेमकं काय म्हणाला?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘कारखान्यातले तंटे आणि नवी औद्योगिक संबंध संहिता’. संहितेकडे मी येणार आहे. त्याआधी एक विचारतो. समोर आपल्या बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहतींतली माणसं दिसताहेत. काही मालक, काही मेस्त्री, आणि मागच्या दोन रांगा पहिली पाळी सुटल्यावर आंघोळ करून थेट इथं आलेल्या. तुमच्या फाटकाशी काचेच्या फलकात जे कागद लावलेत, त्यातलं एक पान सलग वाचलेल्यांनी हात वर करावेत.

तीन. तिघंही युनियनचे! बरं, हात खाली करा.

त्या फलकाबद्दल कायद्यात एक वाक्य होतं, माझ्या फार आवडीचं. १९४६ चा कायदा, आपण सगळे त्याला स्टँडिंग ऑर्डर्स म्हणतो, त्याचं कलम ९. कारखान्याचे नियम फाटकापाशी खास फलकावर लावायचे, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत. राज्याची भाषा म्हटलेलं नाही, मालकाचीही नाही. जो वाचणार त्याला समजणारी. हा कायदा झाला तेव्हा आपला जिल्हा मुंबई प्रांतात होता. १९५६ साली आपण म्हैसूर राज्यात गेलो. राज्य बदललं, फलकाचं वाक्य बदललं नाही. भाषेवरून या सीमाभागात काय काय घडलंय ते इथल्या प्रत्येकानं घरात ऐकलंय, मी आज त्यात शिरत नाही. माझं म्हणणं कारखान्याच्या भिंतीआतलं आहे. माणूस तक्रार ज्या शब्दांत करतो, ते शब्द जसेच्या तसे जपा. ते बदलले की तक्रारीचं भांडण होतं, आणि भांडण कागदावर चढलं की खाली उतरत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आता जे सांगतो त्याला थोडा वेळ लागेल, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

१९८९ चा मे महिना. एक फौंड्री, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, नाव सांगत नाही. सव्वादोनशे माणसं आणि मी तिथं पर्सोनेल ऑफिसर. मोल्डिंगला आणि कोअर शॉपला, म्हणजे वाळूचे साचे आणि गाभे करायला, खानापूर तालुक्यातली मराठी माणसं, फर्नेसच्या भट्टीवर बैलहोंगल-कित्तूरकडची कन्नड माणसं, फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, दोन्हीकडची. डबा खाताना दुभाषा लागत नसे. एकानं ‘काय करूलास रे?’ विचारावं, दुसऱ्यानं ‘ऊट माडाक हत्तीनी’, जेवतोय, म्हणून सरकून जागा द्यावी, आणि दोघांनी एकमेकांच्या डब्यातला झुणका घ्यावा. आपल्या गावाची ही श्रीमंती आहे, बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला ती समजायला दोन वर्षं लागतात.

तर कोअर शॉपला एक चाळिशीचे कामगार होते. सगळं शॉप त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही मामाच म्हणतो. सोमवार, दुसरी पाळी. ओतकामाला एक माणूस कमी पडला. दोघांनी दोन बाजूंनी दांडा धरून लॅडल उचलायची, आत वितळलेलं लोखंड, आणि साच्यापर्यंत चालत जायचं, असं ते काम. मेस्त्री कन्नड. ते मामाला म्हणाले, चल लॅडलला. मामा म्हणाले, ‘आज न्हाई व्हनार, मेस्त्री.’

आता इथं थांबा. ‘व्हनार न्हाई’ आणि ‘करनार न्हाई’ यांत काय अंतर आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. कन्नडमध्येही तेच अंतर तसंच आहे. ‘आगल्ला’ म्हणजे होणार नाही, जमणार नाही. ‘माडल्ला’ म्हणजे करणार नाही. मेस्त्रींना मराठी उत्तम कळायचं. त्यांनी टाइम ऑफिसात जाऊन बरोबर सांगितलं, ‘आगल्ला अंतानं.’ होणार नाही म्हणतोय. दोन भाषांमधून ते वाक्य सुखरूप पार पडलं. पुढं टाइम ऑफिसात छापील इंग्रजी फॉर्म होता. त्यात कारणाचा रकाना बोटभर. कारकुनानं तिथं लिहिलं, ‘रिफ्यूज्ड टू वर्क’. त्याचा मामांवर राग नव्हता, रकान्यात मावेल ते त्यानं लिहिलं.

मंगळवारी सकाळी तो फॉर्म माझ्या टेबलावर आला. स्टँडिंग ऑर्डर्समधलं वाक्य मला पाठ होतं: वरिष्ठांच्या कायदेशीर आणि वाजवी आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा. तेच मी इंग्रजीत टंकलेखकाला सांगितलं. चार्जशीट, म्हणजे आरोपपत्र, तयार झालं, त्यावर माझी सही, सोबत सस्पेन्शनचा हुकूम. साखळी बघा. न्हाई व्हनार, आगल्ला, रिफ्यूज्ड, हेतुपुरस्सर. शेवटची कडी माझी. त्या माणसाच्या मनात काय होतं ते मी त्याला न विचारता लिहिलं.

आणि चार्जशीट घ्यायला मामा ऑफिसात आले तेव्हा ते लंगडत होते. मी पाहिलं होतं. विचारलं नाही, कारण कागद तयार होता. आज छत्तीस-सदतीस वर्षं झाली, ते चार पावलांचं लंगडणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मामांनी तो कागद घरी नेऊन कॉलेजात जाणाऱ्या भाच्याकडून वाचून घेतला. भाचा म्हणाला, तू मुद्दाम केलंस असं लिवलंय. बुधवारी दुसरी पाळी फाटकाबाहेर बसली, गुरुवारी तिन्ही पाळ्या. सतरा दिवस फौंड्री बंद. फर्नेस थंड पडली, तिचं अस्तर पुन्हा करावं लागलं. तयार साचे मोडून वाळू परत करावी लागली. तिसऱ्या दिवशी युनियननं मागण्यांचं पत्र दिलं, त्यात अकरा मागण्या: बोनस, कॅन्टीन, रात्रपाळी भत्ता. मामांचं सस्पेन्शन सातव्या क्रमांकावर. व्यवस्थापनाकडून मी उत्तर लिहिलं, त्यात ‘शिस्त’ हा शब्द पाच वेळा. कुणाच्याही कागदात मामांचं वाक्य नव्हतं.

प्रकरण सहायक कामगार आयुक्तांपुढं समेटाला गेलं. ते म्हैसूरकडचे गृहस्थ, मराठी येत नव्हती. पहिल्या दोन बैठका बोनसवर गेल्या. तिसऱ्या बैठकीत त्यांनी फाइल मिटवली आणि मेस्त्रींना आत बोलावलं. विचारलं, तो नेमकं काय म्हणाला? मेस्त्री म्हणाले, ‘आगल्ला अंदा, सार.’ माडल्ला नाही म्हणाला? ‘इल्ला, सार.’ मग का होणार नव्हतं? मेस्त्रींनी मान खाली घातली. शनिवारी मामांच्या बुटात लोखंडाचा थेंब गेला होता. बूट फाटलेले होते. नवे बूट मागितले होते, स्टोअरनं ‘इंडेंट गेलंय’, म्हणजे मागणी वर पाठवलीय, असं सांगितलं होतं. पाय भाजला, त्यावर हळद लावून फडकं बांधलं आणि सोमवारी मामा कामावर आले, कारण रोज बुडला असता. अपघाताच्या रजिस्टरमध्ये नोंद नाही. ती नोंद झाली असती तर ते ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, दवाखान्यात गेले असते, घरी बसले असते आणि चार पैसे हातात पडले असते. आज कामावरच्या दुखापतीसाठी ईएसआय वेतनाच्या ९० टक्के देतं. मालक मंडळी, रजिस्टरमधली नोंद लपवून तुम्ही काहीच वाचवत नाही.

त्या खोलीत कुणी बोलेना. मी चार्जशीट मागे घेतो म्हणालो. बोनसचं आणि बाकीच्यांचं त्याच संध्याकाळी जुळलं. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १२(३) खाली करार झाला. तसा करार युनियनबाहेरच्या कामगारांनाही बांधील असतो, म्हणून त्याची किंमत मोठी. ओतकामाच्या प्रत्येक माणसाला नवे बूट मिळाले. बुटांचा सगळा खर्च फौंड्रीच्या एका दिवसाच्या ओतकामापेक्षा कमी होता, हिशेब मीच केला होता.

बाहेर पडताना आयुक्त मला काहीही बोलले नाहीत. मात्र तो प्रश्न मी तेव्हापासून स्वतःचा करून घेतला. निवृत्त होईपर्यंत कुठल्याही चार्जशीटवर सही करण्याआधी मी माणसाला समोर बसवून विचारलं, तू नेमकं काय म्हणालास, तुझ्या भाषेत सांग.

बेळगावात बोलतोय तर एक आठवण काढल्याशिवाय पुढं जाववत नाही. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजी इथं काँग्रेसचे अध्यक्ष झाले. आयुष्यात एकदाच, आणि ते आपल्या गावात. काँग्रेस विहीर दाखवायला पाहुण्यांना नेतो आपण. पण त्याआधी सहा वर्षं, १९१८ साली, याच माणसानं अहमदाबादच्या गिरण्यांचा तंटा सोडवला होता. प्लेगच्या काळात दिलेला बोनस मालक बंद करत होते, महागाई भडकलेली. कामगार ३५ टक्के वाढ मागत होते, मालक २० च्या वर जाईनात. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. गांधीजींनी उपोषण केलं आणि तोड निघाली ती ऐका. पहिल्या दिवशी ३५ टक्के, कारण कामगारांनी तसा शब्द घेतलेला. दुसऱ्या दिवशी २०, कारण मालकांनी तसा शब्द दिलेला. तिसऱ्या दिवसापासून पंचांचा निकाल येईपर्यंत साडेसत्तावीस. पंच होते आनंदशंकर ध्रुव, त्यांनी शेवटी ३५ दिले. मला यातला पहिला आणि दुसरा दिवस महत्त्वाचा वाटतो. दोन्ही बाजूंनी तोंडातून काढलेला आकडा एकेक दिवस खरा करून दाखवला. कुणाच्याही शब्दावर शाई ओतली नाही.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं, संहितेकडे येऊ.

औद्योगिक संबंध संहिता २०२० साली संसदेत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. औद्योगिक विवाद कायदा, ट्रेड युनियन कायदा आणि स्टँडिंग ऑर्डर्सचा कायदा हे तिन्ही तिच्यात गेले. तुमच्या कामाच्या चार गोष्टी भराभर सांगतो. संपाला आता सगळ्याच कारखान्यांत १४ दिवसांची नोटीस लागते, आधी ती लोकोपयोगी सेवांपुरती होती. म्हणजे आमच्या फौंड्रीचा तो संप आज पहिल्या तासालाच बेकायदा ठरला असता. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप. हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ज्या युनियनला, वाटाघाटी तिच्याशी. तेवढा कुणालाच नसेल तर २० टक्क्यांच्या हिशेबानं युनियनची परिषद.

आणि स्टँडिंग ऑर्डर्स आता ३०० कामगारांपासून पुढे. मूळ कायद्यात ही संख्या १०० होती. उद्यमबागेत तीनशेच्या वर माणसं किती कारखान्यांत आहेत ते तुम्हीच मोजा. सुरुवातीला सांगितलेला तो फलक बहुतेक फाटकांवरून जाऊ शकतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या फलकावर कुणी वाचो न वाचो, भांडणाच्या दिवशी बोट ठेवायला तिथं काहीतरी होतं. लहान मालकांना माझी विनंती आहे, कायदा सांगत नसला तरी नियम लावा, मराठीत आणि कन्नडमध्ये.

संहितेत एक जागा मात्र चांगली आहे. २० किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती हवी. दहापेक्षा जास्त सदस्य नाहीत, दोन्ही बाजूंचे सारखे, अध्यक्षपद एक वर्ष मालकाकडे, एक वर्ष कामगारांकडे, आणि बायकांची संख्या कामावर आहेत त्या प्रमाणात. तक्रार एक वर्षाच्या आत करायची, निकाल ३० दिवसांत. कामगारांच्या प्रतिनिधींपैकी निम्म्याहून जास्त जणांची संमती मिळाली नाही तर निकाल झालाच नाही असं धरायचं. तिथं समाधान झालं नाही तर युनियनमार्फत ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. मामांच्या वेळी अशी समिती असती तर मेस्त्री तिथंच बोलले असते.

पण समितीपुढंही कागदच येणार, म्हणून शेवटचं सांगतो. एक वही ठेवा, तीन रकान्यांची. पहिल्यात माणूस काय म्हणाला, त्याच्या शब्दांत, त्याच्या भाषेत. दुसऱ्यात मेस्त्रीला काय कळलं. तिसऱ्यात चोवीस तासांत काय केलं. पहिला रकाना सर्वांत रुंद. लिहून झालं की त्याला वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा. फेटलिंगला आता ओडिशा-बिहारची पोरं आलीत, त्यांच्यासाठी त्यांच्यातलाच लिहिणारा शोधा. मेस्त्रीनं लिहायला कुरकुर केली तर दोन महिने तुम्ही स्वतः लिहा.

नमुन्याची पानं दाराशी टेबलावर ठेवलीत, मराठीची डाव्या गठ्ठ्यात, कन्नडची उजव्या. दोन्ही घ्या.