बकरी की वखर?

नमस्कार श्रोतेहो. नवोदयचे फॉर्म भरायचे दिवस आले की पालक मला गाठतात. "गुरुजी, पोराची बुद्धी मोजून भेटते काय?" त्या परीक्षेत 80 पैकी 40 प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात, म्हणून ही काळजी.

बुद्धी मोजायची सुरुवात झाली पॅरिसला. 1905 साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों या दोघांनी एक चाचणी तयार केली. कशासाठी? शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना जादा मदत मिळावी म्हणून. पुन्हा सांगतो, मदत मिळावी म्हणून. कोणाच्या कपाळावर शिक्का मारायला नव्हे. पुढे 1912 मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायचं सुचवलं, आणि अमेरिकेत टर्मन यांनी त्याला 100 ने गुणलं. म्हणजे दहा वर्षांच्या पोराने बाराव्या वर्षी जमावेत ते प्रश्न सोडवले, तर बुद्ध्यांक 120.

बुद्धी एक की अनेक, हा वाद वेगळाच. इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन 1904 मध्ये म्हणाले, एका विषयात पुढे असलेलं मूल बहुधा बाकीच्यांतही पुढे असतं, म्हणजे मुळाशी एकच सामाईक बुद्धी. 1983 मध्ये अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ गार्डनर म्हणाले, एक नाही, अनेक. आम्हा मास्तरांना गार्डनर फार आवडतात, कारण त्यांच्या हिशोबात कोणतंच पोरगं ढ ठरत नाही. पण आकडे स्पिअरमन यांच्या बाजूने जास्त आहेत, हेही सांगून टाकतो.

बरं, ते असू द्या. मला बकरीची गोष्ट सांगायची आहे.

यवतमाळकडच्या एका शाळेत मी होतो. शहरातून एक सर चाचणी घ्यायला आले. हातात स्टॉपवॉच. समोर चौथीतला पोरगा, गावच्या ढोरक्याचा. सरांनी चार चित्रं मांडली: गाय, बैल, बकरी, वखर. "यातलं न जुळणारं कोणतं?"

पोरगा चित्रांकडे पाहत बसला. सरांचं लक्ष घड्याळात. शेवटी म्हणाला, "बकरी."

"का रे?"

"गायीले गोऱ्हा होते, गोऱ्ह्याचा बैल होते, बैल वखर वढते. बकरी काय करते? उगवलं का खाते."

सरांनी फुली मारली. उत्तर हवं होतं वखर. बाकीचे तीन प्राणी ना!

(वखर तरी आता किती घरी उरला म्हणा. पोळ्याला तोरणाखाली ट्रॅक्टर आणून लावतात. माझ्या हाती असतं तर अशा लोकांना झडत्या म्हणू दिल्या नसत्या.)

तर सर गेल्यावर मी पोराला व्हरांड्यात बोलावलं. म्हटलं, "सरांना कोणतं उत्तर पायजे होतं, सांग बरं?"

"वखर."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"थे तीन जनावरं हायेत, थे तं दिसूनच रायलं ना गुरुजी. दिसते थे कायले इचारतीन?"

मी काय बोलणार!

हे आपल्याच गावचं नवल नाही. अलेक्झांडर लुरिया नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ 1931-32 मध्ये उझबेकिस्तानात गेले. तिथल्या शेतकऱ्यांना त्यांनी हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका दाखवला. शाळा न पाहिलेले अनेक जण म्हणाले, सगळं एकत्रच पाहिजे, ओंडका काढला तर करवत कापणार काय? थोडं शिकलेल्यांनी मात्र अवजारं वेगळी काढली. म्हणजे चाचणीत बुद्धी मोजली जाते, तशी शाळेची सवयही मोजली जाते. शाळेची सवयही, हे ध्यानात असू द्या.

म्हणून पालकांनो, पोराला वखरही शिकवा, कारण नवोदयच्या उत्तरपत्रिकेवर 'काहून' लिहायला जागा नसते. पण घरी सराव घेताना उत्तर चुकलं, तर फुली मारायच्या आधी एकदा 'काहून' विचारा. आणि पोरगं चित्रांकडे पाहत बसलं असेल, तर मधात बोलू नका.

पुढच्या वेळी स्मरणशक्तीवर बोलू. नमस्कार.