कापसानं भरलेलं घर

नमस्कार श्रोतेहो. वावरातून येऊन हातपाय धुतले असतील, घरात भाकरी टाकणं सुरू असेल. जेवणाआधीची दहा मिनिटं मला द्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कोरडवाहू कास्तकार. आमच्या घरात आजोबांपासून येशू ख्रिस्ताची भक्ती आहे. टिनाच्या छपराचं आमचं देऊळ, रविवारी तीस-पस्तीस माणसं जमतात. लहानपणापासून मी तिथं जातो, तरी ज्याला विश्वास म्हणतात तो मला फार उशिरा कळला. कापसानं कळवला, असं म्हटलं तरी चालेल.

2022 सालची गोष्ट. त्याच्या आदल्या हंगामात कापसानं क्विंटलमागं दहा हजारांचा आकडा ओलांडला होता, तुम्हाला आठवत असेल. ज्यांनी घाईनं विकला ते हळहळले, थांबले ते सुखावले. म्हणून पुढच्या वर्षी सगळेच थांबले. मीही थांबलो. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, आता साडेआठ भेटून रायले, देऊन टाकू. पोरीची फी भरा लागते." मी म्हटलं, "थांब ना बाप्पा, दहा होऊ दे."

दोन खोल्या आढ्यापर्यंत भरल्या. चाळीस क्विंटल. पहिले काही दिवस मी रात्री उठून बॅटरी मारून बघायचो. पांढरा ढीग बघून छाती भरून यायची.

संक्रांतीनंतर अंगाला खाज सुटली. आधी बायकोला, मग लेकरांना. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, ते चावतात, अंगावर लाल पुरळ उठतं. त्या वर्षी कितीतरी घरांत हेच चाललं होतं. आईनं खाट अंगणात काढली. लेकरं ओसरीत झोपू लागली. ज्या घरात माणसांनी राहायचं त्या घरात कापूस राहत होता आणि माणसं थंडीत बाहेर. भाव रोज मोबाइलवर बघायचो, तो खालीच चालला होता. भावानं बोलणं सोडलं. एक दिवस चारचौघांत म्हणाला, "मले माही वाटणी देऊन टाक."

त्याच आठवड्यातल्या रविवारी देवळात बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय वाचला गेला. भाऊ डावीकडच्या सतरंजीवर, मी उजवीकडच्या. वाचन सुरू होतं तेच असं: गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाची वाटणी कर म्हणून. मी मान खाली घातली. येशू त्याला सांगतो, मला तुमचा वाटणी करणारा कोणी नेमलं नाही. आणि मग एक गोष्ट सांगतो. एका धनवानाच्या जमिनीला भरघोस पीक येतं. तो विचार करतो, ठेवू कुठं? ही कोठारं पाडीन, मोठी बांधीन, असं ठरवतो, आणि स्वतःच्या जिवाला सांगतो, खा, पी, मजा कर. त्याच रात्री देव विचारतो, अरे मूर्खा, आज तुझा जीव मागितला तर हे सगळं कोणाचं?

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की हा माणूस कोणाशी बोलतच नाही. बायको नाही, भाऊ नाही, त्याच्या शेतात राबणारी माणसं नाहीत. माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. एवढंच. त्यानं चोरी केली नव्हती, कोणाला फसवलंही नव्हतं. कापसाच्या खोलीत बॅटरी मारणाऱ्या माझ्यासारखा तो एकटा पडला होता.

श्रोतेहो, मला एक सांगायचं आहे, आणि ते जपून सांगतो, कारण आपल्या या भागात कास्तकारांच्या घरी काय काय घडलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. पीक बुडणं, भाव पडणं, कर्ज डोक्यावर बसणं, हे खरं दुःख आहे. प्रार्थनेनं कापसाचा भाव वाढतो असं मी कधीच म्हणणार नाही. पण पीक गेलं म्हणजे मीच गेलो, असं जेव्हा माणसाला वाटायला लागतं, तेव्हा त्याची किंमत क्विंटलमध्ये होऊ लागलेली असते. येशू आपल्या शिष्यांना म्हणाला होता, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद करा. माझं नाव सातबाऱ्यावर आहे, आणि त्याखाली बँकेचा बोजाही आहे. पण ज्याच्याकडं माझं नाव आधीच लिहिलेलं आहे तो बाजारभाव बघून ते खोडत नाही. या एका गोष्टीवर मी आज उभा आहे.

आपल्या भाषेतला मोठा कवी, नारायण वामन टिळक. नागपूरला ते काही काळ राहिले होते. राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांना बायबलचा नवा करार दिला. वाचता वाचता येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी ते थांबले, तिथून त्यांना हलवेना. कसर आणि जंग जिथं खातात तिथं साठवू नका, हे त्याच प्रवचनात आहे. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी घर तुटलं, बायको काही वर्षं दुरावली. आणि मला सगळ्यात जास्त भावतं ते पुढचं. 1917 मध्ये मिशनची पगाराची नोकरीही त्यांनी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. दोन वर्षांत ते गेले. कोठारं बांधण्याचं वय होतं, त्यांनी होतं ते मोकळं केलं.

मी टिळक नाही. मी त्या रविवारी संध्याकाळी फक्त भावाच्या दारात गेलो. म्हटलं, "चुकलं माह्यं. तुह्या पोरीची फी माह्या हावेपायी अडली." तो काही बोलला नाही. वहिनीनं चहा टाकला. कप बशीत ठेवताना भाऊ म्हणाला, "कापूस कधी काढायचा?"

जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, सात हजारांच्या आतबाहेर विकला. नुकसान झालं ते झालं. गाडी भरून गेल्यावर आईनं दोन्ही खोल्या झाडल्या, शेणानं सारवल्या, आणि आपली खाट आत घेतली. त्या रात्री लेकरं आत झोपली. मी दारात बसून त्यांचा श्वास ऐकत होतो, आणि मला आभार मानावेसे वाटले. खोल्या रिकाम्या असताना. असं मला आधी कधीच झालं नव्हतं.

तेव्हापासून पहिल्या वेच्यातलं एक गाठोडं आम्ही देवळात नेऊन ठेवतो. त्याचे पैसे गावातल्या ज्या घरी नड असेल तिथं जातात, मग ते घर कोणत्याही देवाचं असो. चाळीस क्विंटलपैकी तेवढाच कापूस असा आहे ज्याचा भाव मी मोबाइलवर बघत नाही.

वाटणी अजून झालेली नाही. उद्या सकाळी भाऊ आणि मी दोघं दुसरा वेचा काढणार आहोत, मजूर मिळाले तर संध्याकाळपर्यंत अर्धं वावर होईल. तुमची भाकरी निवते आहे. जेवून घ्या. देव तुमच्या घरी असो.