‘आर्ट ऑफ फ्यूग’: ऑर्गनवरची ध्वनिमुद्रणे

रसिक श्रोतेहो, नमस्कार.

योहान सेबास्टियन बाख हा जर्मन संगीतकार 1750 च्या जुलै महिन्यात लाइपझिगमध्ये निवर्तला आणि पुढच्या वर्षी त्याची ‘आर्ट ऑफ फ्यूग’ ही रचनामाला छापून निघाली. तिच्या जेमतेम तीस प्रती खपल्या, तेव्हा 1756 साली त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने छपाईचे तांब्याचे पत्रेच विकायला काढले. आज याच रचनामालेची ध्वनिमुद्रणे इतकी झाली आहेत की, नव्या श्रोत्याने कोणते निवडावे असा प्रश्न पडतो. त्यांपैकी केवळ ऑर्गनवरच्या ध्वनिमुद्रणांबद्दल मी आज बोलणार आहे. हा ऑर्गन नाट्यसंगीताच्या साथीला असणारा पायपेटीचा नव्हे, तर चर्चच्या भिंतीला टेकून उभा असलेला, शेकडो नळ्यांचा आणि अनेक पट्ट्यांचा.

या संग्रहात चौदा फ्यूग आणि चार कॅनन (एका आवाजाची ओळ दुसऱ्याने मागून नियमाने म्हणायची, अशा रचना) आहेत, आणि ते सगळे एकाच लहानशा स्वरवाक्यातून निघालेले आहेत. फ्यूगमध्ये एक आवाज ते स्वरवाक्य मांडतो, मग दुसरा तेच घेऊन येतो, त्यामागून तिसरा आणि चौथा. मात्र आधीचे आवाज थांबत नाहीत, ते स्वतःची वाट चालतच राहतात. पहिल्या फ्यूगमध्ये आधी आल्टो येतो, मग त्याच्या वरचा सोप्रानो, मग सर्वांत खालचा बास आणि शेवटी टेनर. ऐकणाऱ्याने करायचे ते एवढेच, की चौथा आवाज आला तरी पहिल्याचा हात सोडायचा नाही. हे बोलायला सोपे आहे.

ही रचना कोणत्या वाद्यासाठी आहे, हे छापील प्रतीत सांगितलेले नाही. चारही आवाज चार वेगवेगळ्या ओळींवर, एकाखाली एक छापलेले आहेत; ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी, कारण मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे. गुस्टाव लिओनहार्ट या डच वादकाने 1952 साली अशी मांडणी केली की, ही रचना दोन हातांत बसते, म्हणून ती हार्प्सिकॉर्ड या तारा छेडणाऱ्या पट्ट्यांच्या वाद्यासाठीच आहे. त्यांचा युक्तिवाद मला पटतो, आणि तरीही ऐकायला मी ऑर्गनच लावतो. हार्प्सिकॉर्डची तार छेडली की स्वर लगेच विरू लागतो आणि मधल्या आवाजात दीर्घ धरलेला स्वर थोड्याच वेळात ऐकू येईनासा होतो. ऑर्गनवर बोट उचलेपर्यंत स्वर जसाच्या तसा उभा राहतो, आणि ज्या संगीताचा सारा अर्थ चार आवाजांच्या एकत्र नांदण्यात आहे, तिथे हा गुण फार मोठा आहे.

परंतु या गुणाची किंमत मोजावी लागते. ऑर्गनची पट्टी हळू दाबली काय किंवा जोरात दाबली काय, स्वर तेवढाच राहतो. पियानोवादक हवा तो आवाज बोटाच्या वजनाने पुढे आणू शकतो. आपल्या पेटीवाल्याच्या हातीही निदान भाता असतो. (या पेटीला आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीन दशके दाराबाहेर उभे केले होते, तो निर्णय मला कधीच पटला नाही, पण तो आजचा विषय नव्हे.) ऑर्गनवादकाच्या हाती दोनच गोष्टी उरतात: पट्टी केव्हा दाबायची आणि केव्हा सोडायची. पुन्हा सांगतो, केव्हा दाबायची आणि केव्हा सोडायची. दोन ध्वनिमुद्रणांची तुलना करताना कान प्रथम तेथे ठेवावा: स्वर एकमेकांना चिकटून येतात, की त्यांच्यात श्वासाएवढी फट आहे, आणि ती फट चारही आवाजांत सारखी राखली आहे का. स्टॉपची, म्हणजे कोणत्या जातीच्या नळ्या वाजवायच्या त्याची निवड, चर्चचा घुमारा आणि मायक्रोफोनचे अंतर यांचा विचार त्यानंतर करावा.

आता मी हेल्मुट वाल्खा या जर्मन ऑर्गनवादकाकडे येतो, आणि खरे सांगायचे तर त्यांची हकीकत सांगण्यासाठीच मी हा विषय घेतला. वाल्खा 1907 साली लाइपझिगमध्ये जन्मले. लहानपणी टोचलेल्या देवीच्या लशीच्या दुष्परिणामामुळे त्यांची दृष्टी अधू होत गेली आणि विशी ओलांडण्याआधीच ती पूर्ण गेली. तरीही त्यांनी लाइपझिगच्या संगीतशाळेत गुंटर रामिन यांच्याकडे ऑर्गनचे शिक्षण घेतले आणि बाखने ज्या सेंट थॉमस चर्चमध्ये सत्तावीस वर्षे नोकरी केली, तेथेच ते रामिन यांचे साहाय्यक झाले. दृष्टिहीन वादकासाठी ब्रेल लिपीतली स्वरलिपी असते. पण ती वाचायला एक हात कागदावर ठेवावा लागतो, आणि ऑर्गनला दोन्ही हातच काय, दोन्ही पायही लागतात.

वाल्खा यांची शिकण्याची रीत अशी होती. सुरुवातीच्या काळात त्यांची आई आणि पुढे त्यांची पत्नी उर्सुला त्यांना रचना वाजवून दाखवीत असे, पण सबंध रचना एकदम नव्हे, तर एकेक आवाज सुटा. समजा पहिला फ्यूग शिकायचा आहे. आधी आल्टो एकटा, पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत, त्याच्या सगळ्या विश्रांतींसह. मग सोप्रानो एकटा. मग बास, मग टेनर. प्रत्येक आवाज ते आडव्या धाग्यासारखा पाठ करीत आणि चारही पाठ झाल्यावर त्यांची वीण आधी मनात घालीत; बोटे पट्ट्यांवर जात ती त्यानंतर. आपण सारे उलटे शिकतो. डोळ्यांना चार स्वरांचा उभा गट दिसतो, बोटे तो गट एका दमात दाबतात आणि टेनरला स्वतःचे काही म्हणणे आहे हे कित्येक वर्षांनी कोणीतरी सांगते तेव्हा कळते. वाल्खा यांना तो उभा गट कधी भेटलाच नाही. त्यांच्या स्मरणात चार स्वतंत्र माणसे होती आणि त्या प्रत्येकाचे संपूर्ण बोलणे त्यांना तोंडपाठ होते.

आणि आता छापील प्रत आठवावी. चार आवाज, चार ओळी, एकाखाली एक. बाखने ही रचना ज्या रीतीने कागदावर मांडली, नेमक्या त्याच रीतीने हा माणूस ती शिकला, आणि तीही तो कागद न पाहता. मला या हकीकतीचे आकर्षण आहे ते यासाठी. अंधत्वावर मात केल्याची गोष्ट म्हणून ती सांगण्याची पद्धत आहे. ती मला आवडत नाही, कारण मग वादनाकडे कौतुकाने पाहिले जाते आणि ते ऐकायचे राहून जाते.

वाल्खा यांनी बाखच्या ऑर्गनरचनांची मालिका दोनदा ध्वनिमुद्रित केली आणि दोन्ही वेळा अर्थातच स्मरणातून. पहिली मालिका 1947 साली ल्यूबेक शहरात सुरू झाली. युद्ध संपून दोनच वर्षे झाली होती. 1942 च्या बॉम्बहल्ल्यात ल्यूबेकचे सेंट मेरी चर्च जळाले होते आणि ज्यांचे वादन ऐकण्यासाठी तरुण बाख 1705 मध्ये आर्नश्टाटहून सुमारे चारशे किलोमीटर पायी आला होता, त्या बुक्स्टेहूड यांचे तेथले ऑर्गनही आगीत गेले होते. जवळच्या सेंट जेकब चर्चमधला सतराव्या शतकातला लहान ऑर्गन मात्र वाचला होता. त्यावर काम सुरू झाले. पुढचे बरेचसे काम काप्पेल नावाच्या खेड्यात झाले. तेथला ऑर्गन आर्प श्निटगर यांनी 1680 साली हॅम्बुर्गच्या एका चर्चसाठी बांधला होता. काप्पेलचे चर्च 1810 साली जळाले, नव्या चर्चला वाद्य हवे होते, आणि गावकऱ्यांनी 1816 मध्ये हॅम्बुर्गहून हा जुना ऑर्गन विकत आणला. हॅम्बुर्गचे ते मूळ चर्च पुढे पाडले गेले. खेड्याने जुने सामान घेतले म्हणून एक अस्सल बरोक वाद्य आपल्या कानांपर्यंत पोचले. ही ध्वनिमुद्रणे मोनो आहेत आणि त्यांत थोडी खरखर आहे. ती खरखर पुसून काढण्याचा हल्लीचा उत्साह मला मान्य नाही. खरखरीबरोबर नळीत वारा शिरतानाची ती बारीक फुंकही पुसली जाते.

‘आर्ट ऑफ फ्यूग’ची पाळी आली 1956 मध्ये, हॉलंडमधील आल्कमार गावच्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये. हा ऑर्गन मुळात सतराव्या शतकातला असून, आर्प श्निटगर यांचा मुलगा फ्रान्स कास्पर याने 1720 च्या दशकात तो नव्याने घडवला. हे काम आर्खिव कंपनीच्या अगदी पहिल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांपैकी आहे. चर्च प्रचंड आहे, घुमारा दीर्घ आहे, आणि तरीही टेनर हरवत नाही. वाल्खा लय संथ ठेवतात, दोन स्वरवाक्यांच्या मध्ये स्पष्ट श्वास घेतात, आणि घुमारा पुढच्या स्वरावर चढणार नाही अशा बेताने पट्टी सोडतात. एकदा निवडलेले स्टॉप ते सहसा फ्यूगच्या मध्येच बदलत नाहीत. काही जाणकारांना हे वादन ताठर वाटते. मला ते ताठर नव्हे, सरळ वाटते. वादक आपल्याला वाट दाखवतो आणि बाजूला उभा राहतो.

याच्या शेजारी कॅनडाचे ग्लेन गूल्ड यांचे ध्वनिमुद्रण ठेवून पाहावे. गूल्ड पियानोवादक म्हणून जगप्रसिद्ध झाले, पण बालपणी ते ऑर्गनही शिकले होते. 1962 साली त्यांनी टोरांटोमधल्या एका चर्चमध्ये पहिले नऊ फ्यूग ऑर्गनवर वाजवले. पुढचा भाग त्यांनी ऑर्गनवर कधीच केला नाही. येथे सर्व काही उलटे आहे. मायक्रोफोन जवळ, घुमारा जवळजवळ नाही, आणि प्रत्येक स्वर शेजारच्यापासून तोडलेला. पहिल्या फ्यूगचे तेच स्वरवाक्य वाल्खा यांच्याकडे एका दमात म्हटलेले वाटते, तर गूल्ड यांच्याकडे टिचकी मारत मोजल्यासारखे. आवाज वेगळे ऐकू येतात हे खरे, अगदी लखलखीत वेगळे. परंतु ज्या कारणासाठी ऑर्गन निवडावा ते कारणच, म्हणजे धरून ठेवलेल्या स्वराचे उभे राहणे, त्यांनी बऱ्याच अंशी सोडून दिलेले आहे. मी हे ध्वनिमुद्रण आनंदाने ऐकतो. ते ऑर्गनवरचे उत्तम पियानोवादन आहे, आणि नव्या श्रोत्याने त्यापासून सुरुवात करू नये.

तिसरे ध्वनिमुद्रण स्वित्झर्लंडचे लिओनेल रोग यांचे, 1970 सालचे, जिनिव्हाच्या सेंट पीटर कॅथीड्रलमधले. हा ऑर्गन मेट्झलर या स्विस कारागिरांनी 1965 मध्ये बांधला. रोग यांची लय वाल्खा यांच्यापेक्षा अधिक लवचिक आहे आणि नळ्यांचा नाद अधिक उजळ. ज्यांना वाल्खा कोरडे वाटतील, त्यांनी येथे यावे. मात्र मोबाइलवर शोधताना एक अडचण येते. वादकाचे नाव मिळते, मुखपृष्ठावरचे छायाचित्र मिळते, पण कोणता ऑर्गन आणि कोणते चर्च, हे बहुधा मिळत नाही. ऑर्गनच्या बाबतीत ही माहिती वगळणे म्हणजे गायकाचे नाव गाळून फक्त तंबोऱ्यावाल्याचे नाव छापण्यासारखे आहे.

आता शेवटच्या फ्यूगविषयी, कारण तेथे या तिघांच्या वाटा फुटतात. हा फ्यूग अपुरा आहे. त्याच्या तिसऱ्या भागात बाखने स्वतःच्या नावाची अक्षरे, जी जर्मन पद्धतीत स्वरांची नावेही आहेत, स्वरवाक्य म्हणून आणली आहेत, आणि थोड्याच वेळात, 239 व्या मापाशी, हस्तलिखित थांबते. हे लिहीत असतानाच बाखचा मृत्यू झाला अशी टीप त्याच्या मुलाने तेथे लिहून ठेवली. ती हृदयस्पर्शी असली तरी अभ्यासक तिच्यावर शब्दशः विश्वास ठेवत नाहीत, कारण हे पान खुद्द बाखच्या हातचे आहे आणि अखेरच्या महिन्यांत त्याची दृष्टी गेलेली होती. तेव्हा, अंध बाखची अपुरी रचना अंध वाल्खा यांनी पुरी केली, असे जे सुंदर वाक्य सुचते, ते मोहक असले तरी वापरू नये.

वाल्खा यांनी पूर्ती रचली हे मात्र खरे. 1956 च्या ध्वनिमुद्रणात ते बाखने लिहिले तेथेच थांबतात. स्वतःची पूर्ती त्यांनी पुढे वेगळी ध्वनिमुद्रित केली. रोग यांनीही स्वतःची पूर्ती वाजवली आहे. गूल्ड यांनी हा फ्यूग बऱ्याच वर्षांनी पियानोवर, कॅमेऱ्यासमोर वाजवला आणि शेवटच्या स्वरावर हात झटकन उचलून घेतला. नव्या श्रोत्याने आधी अपुरा फ्यूग ऐकावा, म्हणजे 1956 चे वाल्खा. पूर्ती नंतर ऐकावी, आणि दोन्ही पूर्ती ऐकायच्या तर रोग यांची आधी ऐकावी. तिच्यात नाट्य अधिक आहे, आणि तिच्यानंतर वाल्खा यांच्या पूर्तीतला संयम नीट कळतो.

1751 च्या प्रतीत या तुटलेल्या फ्यूगनंतर प्रकाशकांनी भरपाई म्हणून बाखचे एक कोरालही (चर्चच्या भक्तिगीतावर आधारित रचना) छापले होते, आणि काही वादक आजही ते लगेच पुढे वाजवतात. ते कोराल सुंदर आहे, परंतु ते जी मेजरमध्ये आहे, त्याचा या स्वरवाक्याशी संबंध नाही, आणि या रचनामालेच्या डी मायनर स्वरश्रेणीतले आवाज असे अर्ध्यावर तुटल्यानंतर कानाला इतक्या तातडीने सांत्वन नको असते. मी ते दुसऱ्या दिवशी ऐकतो. नमस्कार.