आपला ऋषी, त्यांचा सुनक

नमस्कार मंडळी. सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिलीयत आणि मागून बटाटेवड्यांचा वास यायला लागलाय, तेव्हा किती ऐकाल ते मला माहितीये.

गेल्या शुक्रवारी, ५ जुलै २०२४ ला, संध्याकाळच्या बातम्यांत ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक निवडणूक हरल्यावर डाउनिंग स्ट्रीटवर उभे राहून सॉरी म्हणताना दाखवत होते. मी चहा ढवळत म्हटलं, गेले एकदाचे, त्यांच्या पार्टीने चौदा वर्षांत वाट लावली. तर आमची बारा वर्षांची लेक म्हणते, "बाबा, दिवाळीत तो 'आपला ऋषी' होता ना? आता 'त्यांची पार्टी' कशी झाली?"

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

कारण २०२२ च्या लक्ष्मीपूजनाला तो पंतप्रधान होणार हे ठरलं, तेव्हा मीच ऑफिसात पेढे वाटले होते. एकाने विचारलं, तू मत दिलंस का त्याला? अहो, मत कोणीच नव्हतं दिलं, त्याच्याच पार्टीतल्या पेनी मॉर्डंटने माघार घेतली आणि हा बिनविरोध, आपल्या सोसायटीच्या चेअरमनसारखा! सासऱ्यांची इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली एवढ्यावर मी त्याला पुण्याचा जावईसुद्धा करून टाकला. बायको कोल्हापूरची, ती म्हणाली, पुणेकरांना फुकटचा जावई बरा मिळतो.

लेकीच्या त्या प्रश्नावरून मग घरात वाजलंच. बायको म्हणे, २०२० मध्ये कोविडमुळे काम बंद म्हणून तू फर्लोवर घरी बसला होतास तेव्हा ८० टक्के पगार कुणाच्या स्कीमने आला? त्याच्या आधीच्या पंतप्रधान लिझ ट्रस ४९ दिवसांत मॉर्गेजचा, म्हणजे घराच्या कर्जाचा घोळ घालून गेल्या, महागाई ११ टक्क्यांवर होती ती २ वर आली, ते कुणाच्या काळात? मी म्हटलं, आणि तुझा भाचा मास्टर्सला आला, त्याच्या बायकोला डिपेंडंट व्हिसा नाही, तो नियम कुणाच्या काळात लागू झाला? स्किल्ड वर्कर व्हिसाची पगाराची अट ३८,७०० पौंडांवर कुणी नेली? दोघंही बरोबर होतो, म्हणून तर भांडण लांबलं.

शेजारचे म्हातारे इंग्रज आजोबा मात्र वेगळंच बोलत होते. गुडघ्याच्या ऑपरेशनची वेटिंग लिस्ट, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या डी-डेच्या स्मरणाच्या कार्यक्रमातून तो लवकर निघून आला, हा राग. रंगाचा, दिवाळीचा एक शब्द नाही. त्यांनी पंतप्रधान पाडला, त्याच्या पार्टीच्या ३६५ च्या १२१ जागा केल्या, विषय संपला. नात्यातला माणूस म्हणून त्याला जोखत बसलो ते आपणच.

आणि मंडळी, रागावू नका, पण मघाशी मी विचारलं तेव्हा मत दिलेले हात किती वर आले? भारतीय पासपोर्टवर इथे राहणाऱ्यालाही मत देता येतं, हे अर्ध्या हॉलला आज कळलं. दिवाळी पहाटेची तिकिटं पंधरा मिनिटांत संपवणारे आपण, मतदार यादीचा फॉर्म मात्र "बघू नंतर".

लेकीचं म्हणणं तिथे थांबलं नाही हो. ती म्हणाली, माझंही तसंच करता तुम्ही. मार्क चांगले पडले की मी आपली, उलट बोलले की "हे तुमचं इंग्लंड".

मला काही सुचलं नाही. म्हटलं, शनिवारी मंडळात विचारून सांगतो. ती बघा तिसऱ्या रांगेत, फोनमध्ये डोकं घालून बसलीये. ऐकतेय सगळं.