टॉम स्टॉलची बायको

नमस्कार श्रोतेहो. आज एका सिनेमाबद्दल बोलणार आहे, आणि त्यातल्या नायकापेक्षा त्याच्या बायकोबद्दल जास्त. सिनेमा ‘अ हिस्टरी ऑफ व्हायोलन्स’, साल २००५, दिग्दर्शक कॅनडाचे डेव्हिड क्रोनेनबर्ग.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मिलब्रूक नावाचं लहानसं गाव. टॉम स्टॉलचं तिथे छोटंसं हॉटेल आहे. कॉफी, नाश्ता, ठरलेली गिऱ्हाइकं. बायको ईडी वकील, मुलगा जॅक शाळेत, सारा धाकटी. एका संध्याकाळी हॉटेल बंद करायच्या वेळी दोन खुनी आत शिरतात आणि वेट्रेसच्या जिवावर उठतात. तेव्हा हा शांत माणूस कॉफीचं भांडं एकाच्या तोंडावर हाणतो, त्याचंच पिस्तूल उचलतो आणि काही सेकंदांत दोघांना संपवतो. गाव त्याला डोक्यावर घेतं, टीव्हीवर त्याचा चेहरा झळकतो. मग एक दिवस काळी गाडी येते. तिच्यातून कार्ल फोगर्टी उतरतो. ही भूमिका एड हॅरिस यांची. त्याचा एक डोळा कायमचा अधू झालेला आहे. काउंटरवर बसून तो टॉमला ‘जोई’ म्हणून हाक मारतो.

पुढचं मी लपवत नाही, कारण या सिनेमाचा जीव रहस्यात नाही. टॉम हा खरंच जोई क्युसॅक आहे, फिलाडेल्फियाच्या गुन्हेगारी जगातला मारेकरी. पण तो जोई आपल्याला एकदाही दाखवलेला नाही. सबंध सिनेमात एकही फ्लॅशबॅक नाही! जॉन वॅग्नर आणि विन्स लॉक यांच्या १९९७च्या ज्या चित्रकादंबरीवर हा सिनेमा बेतला आहे, तिच्यात नायकाचे तरुणपणीचे दिवस सविस्तर येतात. पटकथाकार जॉश ओल्सन आणि क्रोनेनबर्ग यांनी ते बाजूला ठेवलं. याच सिनेमावरून स्फुरलेला लोकेश कनगराज यांचा ‘लिओ’ हा तमिळ सिनेमा २०२३मध्ये आला. त्यात नायक झालेला नट विजय हिमाचलमध्ये कॅफे चालवतो, आणि तिथे मात्र भूतकाळ मोठ्या थाटात पडद्यावर येतो. क्रोनेनबर्ग आपल्याला ईडीच्या शेजारी बसवतात. तिला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला.

मॉलमध्ये फोगर्टी तिला गाठतो आणि म्हणतो, तुझा नवरा माणसं मारण्यात इतका तरबेज कसा, ते त्यालाच विचार. ती त्याला हाकलते, पण प्रश्न घरी येतो. पुढे अंगणात गोळीबार होतो आणि ती डोळ्यांनी बघते. इस्पितळात टॉमला खरं बोलावंच लागतं. ते ऐकून तिला उलटी होते. मग ती आडनावाबद्दल विचारते. ‘स्टॉल’ हे आडनाव आणलं कुठून? तो सांगतो, ते मिळण्यासारखं होतं. श्रोतेहो, लग्नानंतर आडनाव बदलणं आपल्याकडच्या कितीतरी बायकांनी अनुभवलं आहे. ते आडनावच नवऱ्याचं नव्हतं असं निघालं, तर बाईने स्वतःला काय म्हणायचं, मुलांना काय सांगायचं? मारिया बेलो या अभिनेत्रीने तो सगळा राग आणि किळस चेहऱ्यावर जशी आणली आहे, तशी मी क्वचितच पाहिली आहे. त्या वर्षी ऑस्करची नामांकनं ओल्सन यांना आणि टॉमच्या भावाची भूमिका करणाऱ्या विल्यम हर्ट यांना मिळाली. बेलोचं नाव नव्हतं. मला तो अन्याय वाटतो.

मुलाची गोष्टही तितकीच बोचते. शाळेत त्रास देणाऱ्या पोराला जॅक आधी बोलूनच टाळतो. वडील हिरो झाल्यावर तो त्याला बेदम मारतो. टॉम बजावतो की आपल्या घरात प्रश्न मारामारीने सोडवत नाहीत. जॅक म्हणतो, नाही, आपण गोळ्या घालतो. त्यावर बाप त्याच्या थोबाडीत मारतो. या एका प्रसंगात मला सगळा सिनेमा दिसतो. मारामाऱ्या क्षणात संपतात, पण फुटलेला जबडा कॅमेरा दाखवल्याशिवाय सोडत नाही. म्हणून सांगते, मुलांना घेऊन बसू नका.

शेवटी टॉम फिलाडेल्फियाला भावाकडे जातो. विल्यम हर्ट तिथे मजा आणतात, पण तो भाग मला घाईचा वाटला. खरं महत्त्वाचं त्याच्या आधीच घडून गेलेलं असतं. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, संशय घेऊन घरी येतो, आणि नवऱ्याचा तिटकारा आलेली ईडी त्या नवऱ्याच्याच कुशीत शिरून रडते, हा म्हणतो तोच आहे असं सांगते. शेरीफ जाताच ती टॉमला झिडकारते, आणि जिन्यावर दोघांची झटापट होते. त्यात मारणं कुठे संपतं आणि जवळीक कुठे सुरू होते, ते तिलाही उमगत नाही.

टॉम परततो तेव्हा घरात जेवणं चालू असतात. सारा त्याच्यासाठी ताट मांडते, जॅक भांडं पुढे सरकवतो, कुणी बोलत नाही, आणि सिनेमा थांबतो. याला कुणी समेट म्हणेल. मला तसं वाटत नाही. मुलांनी त्याला जागा दिली आहे, ईडीने अजून नाही. ती वकील आहे आणि शेरीफसमोर खोटं बोलून बसली आहे. नवरा रात्रभर कुठे होता, कुणाला मारून आला, हे तिला विचारावं लागेल. उत्तर मिळालं की पोलिसांपासून ते लपवायचं की नाही, हेही तिलाच ठरवावं लागेल.