लॉर्ड हॅरिस आणि मुंबईचं मैदान

मंडळी, हॅरिस शील्ड ही शालेय क्रिकेट स्पर्धा म्हटलं की मुंबईकराला १९८८ सालची सचिन-विनोदची ६६४ धावांची भागीदारी आठवते. पण शील्डवर ज्यांचं नाव आहे, ते हॅरिस कोण होते? त्यांना पुष्कळदा भारतीय क्रिकेटचे जनक म्हटलं जातं. मला ते मान्य नाही, आणि का नाही तेच आज सांगायचंय.

जॉर्ज हॅरिस यांचा जन्म १८५१चा, त्रिनिदादमधला. वडील तिथले गव्हर्नर, पुढे मद्रासचे. मुलगा ईटनला शिकला, मग ऑक्सफर्डला. विद्यापीठाच्या संघातून खेळला, विशीतच उमराव झाला आणि केंट या इंग्लिश काउंटी संघाचा कर्णधार म्हणून वर्षानुवर्षं मैदान गाजवलं. खेळावरची निष्ठा अस्सल होती, यात शंका नाही. १८७९ साली सिडनीला त्यांच्या संघासोबतच्या पंचाने ऑस्ट्रेलियन फलंदाज मर्डॉकला धावबाद दिलं आणि प्रेक्षक मैदानात घुसले. हॅरिस पंचाला वाचवायला पुढे गेले, तेव्हा गर्दीतल्या एकाने त्यांच्यावरच काठी चालवली. तरीही त्यांनी मैदान सोडलं नाही, कारण मैदान सोडलं तर सामना हातचा जाईल ही भीती होती. एवढा राग गिळून पुढच्याच वर्षी लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडमधली पहिली कसोटी ऑस्ट्रेलियाशी झाली, तेव्हा इंग्लंडचे कर्णधार तेच होते.

१८९०च्या एप्रिलमध्ये ते मुंबईचे गव्हर्नर झाले. तारीख लक्षात ठेवा, कारण त्याच जानेवारीत पारशी संघाने मुंबईत व्हर्ननच्या इंग्लिश संघाला हरवलं होतं. पारशांचा ओरिएंटल क्लब तर १८४८चा. म्हणजे साहेब आले तेव्हा इथे क्रिकेट चांगलं रुजलेलं होतं. अडचण जागेची होती. एस्प्लनेडवर, म्हणजे फोर्टलगतच्या मोकळ्या मैदानावर, गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी खेळपट्टी उखडली जाई. पोलो दुसरीकडे हलवा, असा अर्ज हजाराहून जास्त लोकांनी केला. हॅरिस यांनी तो फेटाळला.

नंतर केनेडी सी-फेसवर, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हला, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्यामागचा विचार असा, की प्रत्येक जमातीला एक तुकडा दिला की पुन्हा कुणी मागायला यायचं नाही. खेळायचं असेल त्याने आपापल्या जमातीच्या क्लबात जावं. १८९३च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल उसळली, तेव्हा गव्हर्नर पुण्याला गणेशखिंडीत होते. मुंबईत आले ते नवव्या दिवशी. वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली, आणि ती रास्तच होती.

जमातीजमातींचे संघ पुढे १९४६पर्यंत एकमेकांशी खेळत राहिले. आणि हिंदूंचा म्हणून जो संघ होता, त्याच्या आतही दारं बंद होती. पाळवणकर बाळू हे त्या काळचे सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज, पण जातीने चांभार. पुण्यात सामन्याच्या वेळी सवंगड्यांना पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या कुल्हडात. १९०६मध्ये गोऱ्यांना हरवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांना कर्णधारपद कधीच मिळालं नाही. ते १९२३ साली मिळालं, त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना.